प्रेतापाशी वैद्याला कोण नेतं? मध्ययुगीन खूनकथा वाचायला लागताना

मध्ययुगातला खून आणि त्याचा छडा लावणारा वैद्य, या जोडीवर इंग्रजीत गेली चाळीस-पन्नास वर्षं कादंबऱ्या येतायत. मालिका लांबलचक आहेत, चाहते कट्टर आहेत. नव्या वाचकाची गाडी मात्र बहुतेकदा पन्नासाव्या पानाशी अडते. निम्म्या पात्रांची नावं जॉन किंवा थॉमस असतात. प्रॉक्टर कोण, बेलिफ कोण याचा पत्ता लागत नाही. वैद्यबुवा लघवीची बाटली उजेडात धरून एवढं काय न्याहाळतायत तेही समजत नाही. एका संध्याकाळची तयारी केली तर ही अडचण जाते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून ठेवा. त्या काळच्या इंग्लंडात खुनाच्या चौकशीत वैद्याला अधिकृत जागाच नव्हती. प्रेत बघायचं काम कॉरोनरचं, आणि कॉरोनर म्हणजे डॉक्टर नव्हे; तो राजाचा माणूस, बहुधा सरदार घराण्यातला. त्यामुळे या प्रकारात लिहिणाऱ्या प्रत्येकाला आधी एक कोडं सोडवावं लागतं: आपल्या वैद्याला प्रेतापाशी न्यायचं कुणी आणि कोणत्या निमित्तानं? पुस्तक हातात घेतल्यावर हाच प्रश्न विचारा. उत्तर पटलं तर लेखकाला काळ कळलाय असं समजायला हरकत नाही. उत्तरच नसेल, वैद्य आपला उगाच प्रेताशेजारी उभा असेल, तर पुढेही असंच ढिसाळ चालणार.

पहिलं पुस्तक निवडा

इंग्रजी वाचनाचा फार सराव नसेल तर एलिस पीटर्स यांच्या ब्रदर कॅडफेल मालिकेपासून सुरुवात करा. कॅडफेल काटेकोर अर्थानं वैद्य नाही. तो श्रूजबरीच्या मठातला संन्यासी, तरुणपणी धर्मयुद्धात लढून आलेला, आता औषधी वनस्पतींची बाग आणि काढे-मलमांची खोली सांभाळणारा. पण या सगळ्या कप्प्याचा पाया त्यानंच घातला. पुस्तकं आटोपशीर आहेत, काळ ११३७ ते ११४५ एवढाच. लेखिकेनं तरुणपणी औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून काम केलं होतं, आणि ते बाटल्यांच्या वर्णनात दिसतं.

वीस कादंबऱ्यांपैकी आधी दुसरी घ्या, ‘वन कॉर्प्स टू मेनी’ (१९७९). ११३८ साली राजा स्टीफननं श्रूजबरीचा किल्ला घेतला आणि आतल्या शिबंदीला फासावर चढवलं, हा इतिहास. कादंबरीत फाशी दिलेल्यांचा आकडा ९४. प्रेतांना न्हाऊ-माखू घालून दफनाला तयार करायचं काम मठाकडे येतं आणि कॅडफेल ती मोजतो, तर भरतात ९५. वैद्याला प्रेतापाशी कुणी नेलं, या प्रश्नाला इतकं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं. त्याला कुणी तपास करायला सांगितलेलंच नाही. तो फक्त अंत्यसंस्काराची तयारी करतोय आणि हिशेब जुळत नाहीये. पहिली कादंबरी ‘अ मॉर्बिड टेस्ट फॉर बोन्स’ (१९७७) नंतर वाचली तरी काही बिघडत नाही.

खराखुरा पदवीधर वैद्य हवा असेल तर सुझाना ग्रेगरी यांचा मॅथ्यू बार्थोलोम्यू. केंब्रिज, साल १३४८, पहिलं पुस्तक ‘अ प्लेग ऑन बोथ युवर हाउसेस’ (१९९६). तो मायकलहाउस या कॉलेजात वैद्यक शिकवतो. हे कॉलेज खरंच होतं. १३२४ साली स्थापन झालं आणि १५४६ मध्ये ट्रिनिटी कॉलेजात विलीन झालं. ही पुस्तकं जाडजूड आहेत आणि पात्रांचा बाजार भरलेला असतो, म्हणून कॅडफेल पचल्यावरच इकडे वळा. इथे क्रम पाळायलाच हवा. प्लेगमध्ये कोण वाचलं आणि कोण गेलं हे पुढच्या प्रत्येक पुस्तकात गृहीत धरलेलं असतं. मधूनच सातवं-आठवं पुस्तक उचललं की पहिल्याचा निम्मा रस जातो.

हा वैद्य नेमका कोणता, ते ठरवा

आपण ‘डॉक्टर’ म्हणून मोकळे होतो. मध्ययुगात मात्र कामाच्या चार-पाच वेगळ्या पायऱ्या होत्या आणि कथेतली निम्मी भांडणं त्यांच्यातच असतात.

सगळ्यात वर फिजिशियन, म्हणजे विद्यापीठात शिकलेला. हा गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचे ग्रंथ वाचतो, रोग्याचा जन्मकाळ विचारतो, नाडी बघतो आणि लघवी तपासतो. शक्यतो चाकू हातात धरत नाही. त्याच्या खालोखाल सर्जन: जखमा शिवणं, हाडं बसवणं, बाण काढणं, गळवं फोडणं. मग न्हावी, जो दाढीबरोबर दात उपटतो आणि शीर तोडून रक्तही काढतो. आपल्याकडे गावचा न्हावी तुंबड्या लावायचा हे आठवलं तर चित्र लगेच उभं राहील. चौथा अपॉथेकरी, औषधांचा दुकानदार. वजनकाटा, खलबत्ता आणि विषाची बरणी त्याच्याच ताब्यात, म्हणून संशयितांच्या यादीत तो नेहमी वर. शेवटी सुईणी आणि झाडपाल्याच्या जाणकार बायका. यांना कागदावर काही स्थान नाही, पण गावातली कुठली मुलगी अडली होती आणि कुणी कसला पाला मागितला, हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं.

फिजिशियन चाकू का धरत नाही? १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनं वरच्या दर्जाच्या धर्मसेवकांना कापण्या-डागण्याची शस्त्रक्रिया करायला मनाई केली. विद्यापीठात शिकणारे बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या पायरीवर चर्चशी बांधलेले, त्यामुळे रक्ताचं काम म्हणजे हलकं काम, असा शिक्का बसला. बार्थोलोम्यू स्वतः जखमा शिवतो म्हणून सहकारी नाकं मुरडतात, त्यामागे हे कारण आहे.

लघवीच्या बाटलीचंही बघून घ्या. तिला मॅट्युला म्हणत. पातळ काचेची, तळाला गोल, कारण तो गोलवा मूत्राशयाचा आकार मानला जायचा. वैद्य ती उजेडासमोर धरतो, रंग एका चक्राशी ताडून पाहतो (वीसेक छटांचं चक्र हस्तलिखितांत काढलेलं सापडतं), मग तळाशी बसलेला गाळ, वरचा फेस, वास बघतो. रोग्याला हात न लावता निदान! नोकरानं बाटली आणून दिली तरी चाले. इथे रहस्यकथेला मोठं दार उघडतं: आणलेली बाटली नक्की त्याच रोग्याची होती का?

आता चार द्रव. रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. मराठी वाचक इथे हमखास घसरतो, कारण मनात आधीपासून वात-पित्त-कफ बसलेले असतात. तसं ताडून बघू नका. इथे वात नाही, रक्त हा स्वतंत्र द्रव आहे आणि पित्तं दोन आहेत. त्यापेक्षा युनानी हकीम आठवा. खून, बलगम, सफरा, सौदा हे त्याचे चार ‘अखलात’ म्हणजे हेच चार, कारण दोघांचं मूळ एकाच ग्रीक वैद्यकात. रक्त उष्ण-ओलं, कफ थंड-ओला, पिवळं पित्त उष्ण-कोरडं, काळं पित्त थंड-कोरडं. औषध नेहमी उलट्या गुणाचं द्यायचं. कफ वाढलेल्या श्रीमंत व्यापाऱ्याला वैद्यानं मिरी आणि सुंठ सांगितली की ते बरोबरच आहे; त्यातली मिरी मलबारातून इतकी लांब जाऊन प्रचंड महाग झालेली असते, हेही लक्षात असू द्या.

या मालिकांमधले नायक मात्र हे सगळं मानत नाहीत, निदान पुरतं मानत नाहीत. हात धुतात, उकळलेलं पाणी वापरतात, ज्योतिष टाळतात. असं करायला त्यांना कुणीतरी शिकवलं पाहिजे ना? बार्थोलोम्यूचा पॅरिसमधला गुरू अरब आहे. एरियाना फ्रँकलिन यांची अडेलिया इटलीतल्या सालेर्नोहून शिकून आलेली आहे. मेल स्टार यांचा ह्यू दे सिंगलटन हा सर्जन पॅरिसला जाऊन आलाय आणि मोंडव्हिल या फ्रेंच सर्जनचा ग्रंथ बाळगतो. आजच्या विचारांचा नायक जुन्या काळात बसवण्यासाठी परदेशी गुरू आणणं, ही या प्रकारातली ठरलेली पळवाट आहे. ती अगदीच पोकळ नाही. जखमेत पू होणं चांगलं असतं, या प्रचलित समजुतीला आंरी द मोंडव्हिलनं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खरोखरच विरोध केला होता. जखम वाइननं धुवा आणि बंद करा, असं त्याचं म्हणणं. पण नायक जंतूंबद्दलच बोलायला लागला, तर ती लेखकाची चूक.

पंचनामा कसा व्हायचा, ते शिकून घ्या

बाकी काही जमलं नाही तरी चालेल, एवढं मात्र कराच. इंग्लंडात कॉरोनरचं पद ११९४ साली आलं: प्रत्येक परगण्यात तीन सरदार आणि एक कारकून. त्यांचं मुख्य काम न्याय देणं नव्हतं. राजाला मिळायचा पैसा बुडू नये म्हणून सगळ्याची नोंद ठेवणं, हे ते काम. हे एकदा डोक्यात बसलं की गावकऱ्यांची विचित्र वागणूक उलगडायला लागते. (मुंबईत इंग्रजांनी आणलेलं कॉरोनरचं पद १९९९ पर्यंत टिकलं होतं, त्यामुळे हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही.)

जानेवारीतली सकाळ आहे आणि ओढ्याकाठी एक माणूस मरून पडलाय असं धरा. ज्याला तो पहिल्यांदा दिसला तो ‘फर्स्ट फाइंडर’. त्यानं आरडाओरडा करून गाव गोळा करायचा. याला ‘ह्यू अँड क्राय’ म्हणतात. आरोळी ऐकलेल्यांनी काम टाकून पाठलागाला धावायचं, नाही धावले तर दंड. शेजारपाजाऱ्यांना आणि बेलिफला, म्हणजे त्या भागाचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याला कळवायचं, कॉरोनरला निरोप धाडायचा. तो येईपर्यंत प्रेताला हात लावायचा नाही, पुरायचं तर मुळीच नाही. पुरलं तर गावाला दंड, आणि प्रेत उकरून काढावं लागणार. कॉरोनर दोन दिवसांनी येईल, चारही लागतील. तोवर थंडीत राखण करायची, तीही गावानंच.

तो आला की आसपासच्या गावांतून पंच बोलावले जातात. प्रेत उघडं करून सगळ्यांसमोर उलटंपालटं करून बघतात. जखमेची लांबी, रुंदी आणि खोली मोजतात. ज्या वस्तूनं जीव गेला तिची किंमत ठरवतात, कारण ती राजाची होते. हा ‘डिओडँड’. माणूस गाडीखाली सापडून मेला तर गाडीची किंमत भरा, घोड्यानं लाथ मारली तर घोड्याची. कारकून हे सगळं चामड्याच्या गुंडाळीवर लॅटिनमध्ये उतरवतो. पहिल्यांदा प्रेत पाहणाऱ्याला पुढे न्यायाधीशांसमोर हजर राहण्यासाठी जामीन द्यावे लागतात. पुढे कधीतरी फिरते न्यायाधीश येतात, गुंडाळी तपासतात, आणि गावकऱ्यांच्या सांगण्यात नि नोंदीत फरक निघाला की पुन्हा दंड.

अशा व्यवस्थेत शहाणा माणूस काय करेल? प्रेत दिसलं तर दिसलंच नाही असं दाखवून दुसऱ्या वाटेनं जाईल. किंवा रात्री चौघं मिळून ते उचलतील आणि पुलापलीकडे, शेजारच्या गावाच्या हद्दीत टाकून येतील. असं होत असे. म्हणून या कादंबऱ्यांत ‘प्रेत हलवलंय’ हे कळलं की लगेच खुनी शोधायला लागू नका. हलवणारा आणि मारणारा बहुतेकदा वेगळे असतात. नवे वाचक इथे सर्रास फसतात.

अकराव्या-बाराव्या शतकातल्या कथा वाचताना ‘मर्ड्रम’ नावाचा दंडही भेटेल. मेलेला माणूस इंग्रज होता हे नातेवाइकांनी सिद्ध करायचं. नाही केलं तर तो नॉर्मन समजून साऱ्या भागाला दंड. हा प्रकार १३४० साली बंद झाला. म्हणजे बार्थोलोम्यूच्या १३४८ मध्ये कुणी हा दंड मागितला तर चूक, पण कॅडफेलच्या काळात तो चालूच होता.

या कायद्याची चव थेट घ्यायची असेल तर बर्नार्ड नाइट यांची क्राउनर जॉन मालिका मध्येच एकदा वाचा. पहिलं पुस्तक ‘द सँक्च्युअरी सीकर’ (१९९८), एक्झेटर, साल ११९४. नायक वैद्य नाही, कॉरोनर आहे. पण लेखक स्वतः न्यायवैद्यकाचे प्राध्यापक आणि सरकारी शवविच्छेदक होते. जखमांची वर्णनं जशी हवीत तशी आहेत.

हद्द कुणाची?

याचा फार अभ्यास नको. एवढंच तपासा की संशयित धर्मसेवक आहे का. असेल तर त्याला राजाच्या न्यायालयात फाशी होत नाही, त्याला बिशपकडे सोपवतात. चौदाव्या शतकात वाचता येणं हाच धर्मसेवक असल्याचा पुरावा मानू लागले होते आणि बायबलमधलं एक ठरलेलं स्तोत्र वाचून दाखवायला सांगत. घोकून ठेवलं की मान वाचली! विद्यापीठाच्या गावात तर शहराचे अधिकारी आणि विद्यापीठाचे प्रॉक्टर (विद्यापीठात शिस्त राखणारे अधिकारी) एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. बार्थोलोम्यूचा जोडीदार ब्रदर मायकल हा प्रॉक्टरच्या बाजूचा, आणि पुढे बार्थोलोम्यूला प्रेत तपासणीस म्हणून नेमणूकही मिळते. लेखिकेनं आपल्या कोड्याचं उत्तर असं कागदोपत्री करून टाकलंय.

चर्चमध्ये आसरा घेतलेल्याला ४० दिवस कुणी हात लावू शकत नाही. तेवढ्यात त्यानं कॉरोनरपुढे गुन्हा कबूल करून देश सोडायची शपथ घ्यायची आणि नेमून दिलेल्या बंदराकडे चालायला लागायचं. पळालेला म्हणजे गुन्हेगारच, असं मात्र धरू नका. तुरुंगात खितपत पडण्यापेक्षा निरपराध माणूसही हा मार्ग पत्करायचा.

प्रेत काय सांगतं

मृत्यूनंतर साधारण दोन ते चार तासांत जबडा आणि मान ताठरायला लागते, बाराएक तासांत सगळं शरीर लाकडासारखं होतं आणि पुढे दीड-दोन दिवसांत सैल पडतं. हे आकडे मध्यम हवेतले. विदर्भातल्या मे महिन्यात सगळं भराभर होईल. इंग्लंडातल्या जानेवारीत उघड्यावर पडलेलं प्रेत कितीतरी जास्त वेळ ताठ राहील. म्हणून पुस्तकात ऋतू कोणता, प्रेत आत होतं की बाहेर, अंगावर कपडे किती, याकडे लक्ष ठेवा. चांगला लेखक या तीन गोष्टी सहज बोलता बोलता सांगून जातो आणि दोनशे पानांनी त्यांचा हिशेब मागतो.

दुसरी खूण रक्त साकळल्याचे जांभळट डाग. रक्त खालच्या बाजूला उतरतं. आठ-बारा तासांनी डाग पक्के होतात. पालथ्या पडलेल्या प्रेताच्या पाठीवर डाग दिसले तर कुणीतरी त्याला नंतर उलटवलंय. यासाठी उपकरण लागत नाही, म्हणून तेराव्या शतकातल्या वैद्याच्या तोंडीही हे शोभतं. ‘मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या आधी’ असं तो म्हणाला तर ठीक. ‘सव्वासात तासांपूर्वी’ म्हणाला तर पुस्तक मिटवलं तरी चालेल.

शवविच्छेदन इंग्लंडात जवळजवळ अशक्य होतं. कायद्यानं माणसाचं प्रेत फाडायला तिथे १५४० मध्ये परवानगी मिळाली, तीही वर्षाला चार प्रेतांची. इटलीत गोष्ट निराळी: बोलोन्यात १३०२ साली विषप्रयोगाच्या संशयावरून प्रेत उघडून पाहिल्याची नोंद आहे. सालेर्नोत बाराव्या शतकात डुकरं फाडून शरीररचना शिकवत. अडेलिया डुकरांवर शिकलेली आहे ती त्यामुळेच, उगीच नव्हे.

खुनी जवळ आला की प्रेताच्या जखमेतून पुन्हा रक्त वाहतं, ही समजूत त्या काळी पक्की होती. कादंबरीत कुणी हे बोलून दाखवलं तर हसू नका. वैद्याचा त्यावर विश्वास असो-नसो, संशयिताचा असतोच, आणि प्रेताला हात लावायला कोण कचरतं हे बघण्यासाठी तेवढं पुरतं.

विष

मध्ययुगात विष सिद्ध करायला रसायनशास्त्राची मदत नव्हती. सोमलाची भरवशाची चाचणी जेम्स मार्शनं शोधली ती १८३६ मध्ये. तोवर उपाय म्हणजे उरलेलं अन्न कुत्र्याला घालून बघणं, वास घेणं, आणि मरताना काय काय झालं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणं. म्हणून लक्षणांचं वर्णन वाचताना घाई करू नका.

नावं इंग्रजीत आली की आपण बावचळतो, पण यातली बरीच मंडळी ओळखीची आहेत. मंक्सहूड किंवा वुल्फ्सबेन म्हणजे बचनागाच्याच कुळातली वनस्पती: ओठ-जिभेला मुंग्या, मग बधिरपणा, मग हृदयाचा घोटाळा. (कॅडफेलच्या तिसऱ्या पुस्तकाचं नावच ‘मंक्स हूड’, त्यामुळे विष कोणतं हे कव्हरवरच कळतं. कोडं वेगळंच आहे.) हेनबेन ही खुरासानी ओव्याची जातभाई: भ्रम, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. पॉपी म्हणजे अफू: बाहुल्या बारीक, झोप, मंद श्वास. व्हाइट आर्सेनिक म्हणजे सोमल: उलट्या-जुलाब, त्यामुळे साथीच्या आजारात लपून जातो. हेमलॉकला आपल्याकडे घरगुती नाव नाही. त्यात पायांपासून वर लुळेपणा चढत जातो आणि शुद्ध शेवटपर्यंत राहते. मरणाऱ्याला खुन्याचं नाव सांगता यावं असं लेखकाला वाटलं की हेमलॉक निघतो.

अर्गट हे थोडं वेगळं प्रकरण. राय धान्याच्या कणसावर ओल्या हवामानात येणारी बुरशी. तिच्या भाकरीनं हातापायांची आग होते, बोटं काळी पडून झडतात. बाजरीवरचा अरगट ज्यांनी पाहिलाय त्यांना समजावून सांगायला नको. सगळं गाव एकदम वेडंवाकडं वागायला लागलं तर चेटूक म्हणण्याआधी कोठारातल्या धान्याकडे बघा.

शस्त्रक्रियेआधी पाजायच्या गुंगीच्या पेयाला ‘ड्वेल’ म्हणत. त्यात अफू, हेनबेन, हेमलॉक, लेट्यूस, ब्रायोनी, रानडुकराचं पित्त आणि व्हिनेगर, सगळं वाइनमध्ये. प्रमाण जरा चुकलं की रोगी उठायचाच नाही. सर्जन नायक असेल तर ही चूक होती की मुद्दाम, हा प्रश्न कधी ना कधी येणारच.

घंटा, पैसे, शब्द

वेळ घड्याळावर नाही, चर्चच्या घंटेवर. प्राइम सूर्योदयाला, टर्स सकाळी नऊच्या सुमारास, सेक्स्ट दुपारी, नोन तीनच्या आसपास, व्हेस्पर्स मावळतीला, कॉम्प्लिन निजण्याआधी. आपल्या प्रहरांसारखंच, दिवस लहान झाला की तासही आखडतात. डिसेंबरात तिथे उजेड जेमतेम आठ तास. ‘व्हेस्पर्सनंतर अंधारात’ म्हणजे तेव्हा दुपारचे साडेचार, आणि साडेचारला रस्त्यावर माणसं असतात! साक्षीदार खोटं बोलतोय की नाही हे इथे पकडता येतं.

पैशांचं गणित सोपं: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पाउंड, मार्क म्हणजे १६० पेन्स, पण मार्कचं नाणं नव्हतं. १३५१ च्या मजुरी कायद्यानं मुख्य सुताराला दिवसाला ३ पेन्स ठरवले होते. लाचेचा आकडा आला की तीननं भागा, किती दिवसांची कमाई ते कळेल.

‘कॉर्न’ म्हणजे मका नव्हे, कुठलंही धान्य. मका, बटाटा, टोमॅटो, मिरची युरोपात १४९२ नंतर. ‘क्लार्क’ म्हणजे चर्चशी बांधलेला शिकलेला माणूस. ‘लीच’ म्हणजे जळू आणि वैद्यही, दोन्ही. इंग्लंडातून ज्यूंना १२९० साली हाकललं, म्हणून १३५० च्या लंडनमध्ये ज्यू वैद्य उघडपणे दवाखाना चालवताना दिसला तर लेखकानं घरचा अभ्यास केलेला नाही. स्पेनमधल्या हिरोना शहरात मात्र तेव्हा ज्यूंची वस्ती होती. कॅरोलिन रो यांचा आयझॅक तिथलाच: ज्यू, बिशपचा वैद्य, आणि आंधळा. मुलगी राकेल त्याचे डोळे बनते. वास, स्पर्श, आवाज यांवर तपास चालतो. सुरुवात ‘रेमेडी फॉर ट्रीझन’ (१९९८) पासून.

वही ठेवा, पण एकच पान

तीन रकाने आखा: नाव आणि धंदा, कुणाच्या हद्दीतला, शेवटचा कोणत्या घंटेला दिसला. नावापेक्षा धंदा ठळक लिहा, कारण विल्यम सहा असतील पण कातडी कमावणारा एकच. पुस्तकाच्या शेवटी लेखकाची ऐतिहासिक टीप असेल तर ती सगळ्यात शेवटीच वाचा. त्यात कोणती माणसं खरी आणि कोणती काल्पनिक हे सांगताना खुन्याचं नावही निसटून जातं. शब्दार्थांची यादी आणि नकाशा मात्र आधीच बघा.

पुढची खरेदी

कॅडफेलची दोन, बार्थोलोम्यूची दोन झाली की अडेलिया घ्या: ‘मिस्ट्रेस ऑफ द आर्ट ऑफ डेथ’ (२००७), केंब्रिज, ११७१. मुलांचे खून होतात, आळ ज्यूंवर येतो आणि त्यांच्याकडून मिळणारा कर बुडतोय म्हणून राजा दुसऱ्या हेन्रीला सत्य हवंय. प्रेतापाशी वैद्य का आला, याचं इतकं रोकडं कारण दुसऱ्या कुठल्या मालिकेत नाही. बाई वैद्य आहे हे कुणाला चालणार नाही, म्हणून सोबतचा मन्सूर डॉक्टर असल्याचं सोंग करतो. मुलांवरच्या क्रौर्याची वर्णनं अंगावर येणारी आहेत, झोपण्याआधी वाचू नका.

या मालिकेत पैसे वाया जाण्याची पक्की सोय आहे. ब्रिटन आणि अमेरिकेत नावं वेगळी छापली आहेत. ‘द डेथ मेझ’ आणि ‘द सर्पंट्स टेल’ हे एकच पुस्तक. ‘रेलिक्स ऑफ द डेड’ म्हणजेच ‘ग्रेव्ह गुड्स’. ‘द असॅसिन्स प्रेअर’ म्हणजेच ‘अ मर्डरस प्रोसेशन’. जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा ऑनलाइन घेताना आतल्या पानावरचं प्रकाशनाचं शहर बघा: लंडन की न्यूयॉर्क. एका देशाची नावं धरली की ती शेवटपर्यंत सोडू नका.